बेलभंडाऱ्याची साक्ष

एक वाक्य मी स्वतः मराठीत आणले आणि तीन महिन्यांच्या आत स्वतःच मोडले. वाक्य असे होते : ‘पती-पत्नींमध्ये समेट घडवून आणणे हे कार्यकर्त्याचे काम नाही. निर्णय त्या स्त्रीचा. आणि तिच्याशी बोलायचे ते ती एकटी असताना.’ बहात्तराव्या वर्षी माणसाला आपली चूक इतक्या नेमक्या शब्दांत, आपल्याच हस्ताक्षरात लिहिलेली सापडावी, ही मी ईश्वराची कृपा समजतो. पुष्कळांच्या चुका कोठेच लिहिलेल्या नसतात, म्हणून त्या त्यांना आयुष्यभर दिसत नाहीत.

लातूरच्या एका शाळेत मी तीस वर्षे संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर आम्ही उभयता नांदेडजवळ विष्णुपुरीला येऊन राहिलो. पहाटे स्नानसंध्या, उगवत्या सूर्याला गोदावरीच्या काठी अर्घ्य, दुपारी वाचन आणि वर्षातून चार-सहा वेळा कोणत्या तरी गावच्या सप्ताहात प्रवचन, असा माझा क्रम आहे. अशा क्रमात भाद्रपदातील एका सकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली.

“सर, एक काम आहे. नाही म्हणायचं नाही.”

“काम ऐकल्यावाचून हो म्हणण्याची विद्या मी तुला शिकवलेली नाही,” मी म्हणालो.

“म्हणून तर आधी सांगून टाकलं.”

ही मुलगी माझ्या वर्गात होती तेव्हा तिच्याइतके शुद्ध उच्चार कोणाचेच नव्हते. तिच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. ज्या भाषेच्या उंबऱ्याशीही त्या आजोबांना उभे राहू दिले गेले नव्हते, ती भाषा नात खणखणीत आवाजात म्हणे, तेव्हा मला तिचा अभिमान वाटे आणि माझ्या पूर्वजांची थोडी लाजही वाटे. आता ती लातूरच्या एका संस्थेत काम करीत होती. परदेशी साहाय्यावर चालणारी ती संस्था. घरात होणाऱ्या मारहाणीतून स्त्रियांना मार्ग काढून देणे, हे तिचे काम. अनेक देशांत वापरली जाणारी एक मार्गदर्शिका इंग्रजीत आली होती. ती मराठीत हवी होती.

मी ते काम पूजेइतक्याच निष्ठेने केले. दर मंगळवारी एसटीने लातूरला जायचे, संस्थेच्या कार्यालयात बसायचे. खाली कोचिंग क्लास होता. तेथील शंभरएक मुले एका सुरात रसायनशास्त्राची सूत्रे घोकत, आणि त्या घोषात मी एकेक परिच्छेद वाचून दाखवी. माझे वाक्य संपले की ती पेन्सिलीने खूण करी.

“सर, हे ‘पीडनग्रस्त भार्या’ काय आहे?”

“चुकले काय त्यात?”

“चुकलं काहीच नाही. पण जळकोटकडची बाई असं म्हणत नाही. ती म्हणते, मार खाते.”

“मग ‘मार खाणारी बाई’ लिही.”

“लिहिते. तुमच्या हातून झालं म्हणून सांगू नका कुणाला.”

अशा थट्टेत काम पुढे सरके. खरा वाद झाला तो समेटाच्या त्या वाक्यावर. मी लेखणी खाली ठेवली आणि म्हणालो की हे मला मान्य नाही. घर हे मोडण्यासाठी नसते. वडीलधाऱ्यांनी दोघांना समोर बसवून चार शब्द सांगावेत, हाच आपला धर्म आहे. सातासमुद्रापलीकडे बसून लिहिणाऱ्यांना आपल्या घराची घडण काय कळणार? तिने सगळे ऐकून घेतले. लहानपणी ऐके तसेच, मान किंचित कलती करून.

“सर, समोर बसवल्यावर बाई काय बोलते, ते मी आठ वर्षं ऐकते आहे. ती काहीच बोलत नाही.”

“तू भाषांतर करायला सांगितलेस, ते मी करतो.”

“तेवढंच करा.”

केले. वाक्य चोख उतरले. आणि मार्गशीर्षात, चंपाषष्ठीच्या सुमारास, जळकोटपलीकडच्या एका गावातून सप्ताहाचे बोलावणे आले.

मी त्या गावी पूर्वी दोनदा गेलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रवचन संपले, पण मंडपातून लोक अजून उठले नव्हते. गावातील एक वयस्क शेतकरी आपल्या पुतण्याला घेऊन माझ्यासमोर आला. मागे पुतण्याची आई आणि बायको. बायकोच्या उजव्या मनगटाला कापडाची पट्टी होती, आणि पदर इतका पुढे ओढलेला की हनुवटीखेरीज काही दिसत नव्हते.

“महाराज,” काका म्हणाला, “ह्या दोघांनी घरात रोज तमाशा मांडलाय. तुमी मोठे मानूस. दोन शबूद सांगा.”

मी पुतण्याला विचारले, “हिला मारलेस?”

“हाव, मारलं.” त्याने खाली पाहिले नाही. “राग येतो, महाराज. बायांच्या बैठकीला जाऊ नको म्हनलं तरी जाती. तोंडाला तोंड देती.”

“तोंड देवानं तिलाबी दिलंय, त्याला ती काय करनार?” बायकांच्या बाजूने एक म्हातारी बोलली. दोघी-तिघी हसल्या. पुतण्याच्या आईने मागे वळून पाहिले, तेव्हा हसणे थांबले.

मी त्या स्त्रीला विचारले, “बाई, तुला नांदायचे आहे ना?”

पन्नासएक माणसे ऐकत होती. तिने मान हलवली.

आमच्या भागात बेलभंडारा उचलणे म्हणजे शेवटचा शब्द. महादेवाच्या पिंडीवरचा बेल आणि खंडोबाची हळद ओंजळीत घेऊन जे बोलले, ते मोडणाऱ्याच्या घरादाराला देव पाहून घेतो, अशी लोकांची दृढ समजूत आहे. बांधाचे तंटे, गुरांची चोरी, भावकीतला संशय, सारे या ओंजळीत मिटलेले मी पाहिले आहे. मी पुजाऱ्याला ताट आणायला सांगितले. पुतण्याने ओंजळ पुढे केली. “खंडोबाची आन, पुन्हा मारनार न्हाई,” असे तो स्पष्ट आवाजात म्हणाला. लोकांनी येळकोट केला. सासूने नारळ आणि खण घेऊन सुनेची ओटी भरली. काकाने माझ्या पायावर डोके ठेवले. त्या वेळी मार्गदर्शिकेतील ते वाक्य मला आठवले नाही असे नाही. आठवले, आणि मनात आले की पाहा, जे त्यांच्या सात प्रकरणांनी होणार नाही, ते आपल्या एका ओंजळीने अर्ध्या घटकेत झाले.

घरी येऊन मी पत्नीला सर्व वृत्तांत सांगितला. ती वाती वळत बसली होती.

“अहो, तिला एकटीला विचारलंत?”

“पन्नास माणसांदेखत तिने होकार दिला.”

“मी वेगळं विचारलं,” ती म्हणाली आणि पुढची वात वळायला घेतली. आमच्या संसाराला अठ्ठेचाळीस वर्षे झाली आहेत. ती एकदाच विचारते. मी उत्तर दिले नाही, तर तिचा प्रश्न घरात तसाच बसून राहतो.

चैत्रात संस्थेकडून निरोप आला. साहाय्य देणाऱ्या परदेशी मंडळींकडून एक बाई लातूरला येणार होत्या. मराठी मार्गदर्शिकेविषयी मी चार शब्द सांगावेत, अशी इच्छा होती. मी मनात एका गोऱ्या बाईचे चित्र रंगवून गेलो. कार्यालयात भेटल्या त्या पूर्व आफ्रिकेतील एका देशाच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, डोक्याला रंगीत वस्त्र बांधलेल्या. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. मी वयाने मोठा, म्हणून मी बसेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्याकडेही तीच रीत आहे.

त्यांचे इंग्रजी मला सावकाश ऐकले तर समजे. माझे मराठी माझी विद्यार्थिनी त्यांना सांगे. मी भाषांतराविषयी थोडे बोललो आणि मग, कोणी विचारले नसताना, बेलभंडाऱ्याची हकीकत सांगितली. आपल्या परंपरेतही उपाय आहेत, ते परक्या पाहुण्याला कळावेत, हा हेतू. हकीकतीच्या मध्यावर माझ्या विद्यार्थिनीचा आवाज बदलला, हे माझ्या ध्यानात आले. पण सांगण्याच्या भरात मी थांबलो नाही.

पाहुण्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकले. मग त्या म्हणाल्या की त्यांच्या आजोळीही अशी शपथ असते. वडीलधारे बसतात, बकरा कापतात, नवरा शपथ घेतो. ती मोडली तर घरातले मूल दगावते, असे मानतात. “माझ्या मावशीसाठी अशी शपथ झाली होती,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर मावशी मरेपर्यंत कोणापाशी एक शब्द बोलली नाही. तिला मुलं होती. तुमच्या त्या बाईनं शपथेनंतर कोणाला काय सांगितलं?”

“काहीच नाही,” मी म्हणालो. “म्हणजे सर्व ठीक चालले आहे.”

माझ्या विद्यार्थिनीने हे वाक्य इंग्रजीत सांगितले नाही. ती माझ्याकडे वळली. “सर, ती आमच्याच बायांच्या बैठकीतली. आधी एकही बैठक चुकवत नव्हती. चार महिन्यांत एकदाही आलेली नाही. आरोग्य खात्याची आशाताई घरी गेली तर सासू दारातूनच परत पाठवते. काय झालं ते आम्हाला कळत नव्हतं. आत्ता कळलं.”

खाली मुले सूत्रे घोकत होती. मी पाणी मागितले.

त्याच दिवशी त्या गावी जाण्याची माझी तयारी होती. विद्यार्थिनीने मला थांबवले. आधी त्या बाईची परवानगी हवी, म्हणाली. भेटायचे ते ती सांगेल तिथे. गावच्या आशाताईमार्फत निरोप गेला आणि उलटा निरोप आला, ‘महाराज येत असतील तर येऊ द्या. त्यांनीच बांधलंय, त्यांनाच इचारायचंय.’

लसीकरणाच्या दिवशी आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या खोलीत आमची भेट झाली. बाहेर टोचलेली लेकरे एकापाठोपाठ एक आक्रोश करीत होती. आतले बोलणे कोणाला ऐकू जाण्याचा संभव नव्हता. ती आली, विद्यार्थिनीच्या शेजारी बसली, आणि दंडावरची बाही वर सारली. मी संकोचाने दृष्टी वळवली.

“बघा, महाराज,” ती म्हणाली. “तवा बघितलं न्हाई. आता बघा.”

मी पाहिले.

“शपथेनंतर काही दिवस तरी बरे गेले का?”

“पंधरा दिस. मग व्हतं तेच.”

“मग कोणाला सांगितले का नाहीस?”

“कसं सांगू?” ती चिडली नव्हती, न कळणाऱ्याला सांगावे तसे सांगत होती. “मी बोलले तर त्यांनी भंडारा मोडला, असं व्हतं. मोडला म्हनलं की देव कोपनार. कुनावर कोपनार? त्यांच्यावर न्हाई. घरात लहान कोन हाय, त्याच्यावर. मला दोघी पोरी हायत. माघात धाकटीला ताप भरला, तर सासू म्हनली, तू कुठं तरी तोंड उघडलंस. मी कुठंच उघडलं नव्हतं, महाराज. भिंतीपाशीसुदीक न्हाई.”

मारणाऱ्याला बांधावे म्हणून मी जे बंधन घातले होते, ते सारेच्या सारे हिच्यावर पडले होते. मारणारा मोकळा होता. त्याने शपथ मोडली हे माहीत असलेली एकच व्यक्ती ही, आणि तेच बोलण्याची चोरी हिला. गावात शांतता नांदत होती ती एवढ्यामुळे.

“हे सुटतंय का?” तिने विचारले.

आयुष्यभर मी लोकांच्या शंकांचे निरसन करीत आलो आहे. सुतक किती दिवसांचे, एकादशी कोणत्या दिवशी धरावी, मुलाच्या हातून चुकून पाप घडले तर काय करावे. इतका सरळ आणि इतका जड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि तरीही याच्याइतके निःसंदिग्ध उत्तर दुसऱ्या कशाचे नव्हते.

“बाई, तू बांधलेलीच नाहीस,” मी म्हणालो. “संकल्प ज्याचा, बंधन त्याचे. मोडला तर दोषही त्याचाच. एकाने मोडलेल्या शपथेचे पाप खरे बोलणाऱ्याला लागत नाही, आणि लेकराला तर नाहीच नाही. हे मी तुझे मन राखण्यासाठी सांगत नाही. शास्त्र तसे आहे.”

तिने बाही खाली ओढली. “मला पटलं. पन मला सांगून काय व्हतंय? गावाला सांगा. सासूला सांगा. जिथं बांधलं तिथं सांगा.”

धर्मशास्त्रातही प्रायश्चित्ताची रीत हीच आहे. दोष जिथे घडला तिथे, ज्यांच्यादेखत घडला त्यांच्यादेखत. सात इयत्ता शिकलेल्या बाईने मला ते आठवून दिले. मी उठलो. देऊळ दोनशे पावलांवर होते.

“सर, बसा,” माझी विद्यार्थिनी म्हणाली. वर्गात मी तिला ज्या आवाजात हे सांगत असे, त्याच आवाजात. “तुम्ही आज देवळात बोलाल आणि विष्णुपुरीला जाल. संध्याकाळी ती कुठं असेल?”

मी बसलो.

त्या दुपारी मार्गदर्शिकेतील एक संपूर्ण प्रकरण माझ्यासमोर घडले. मी ते लिहिले होते. समजलो त्या दिवशी. विद्यार्थिनीने उपदेश केला नाही, धीर दिला नाही. आधी विचारले, “तुला काय पाहिजे?”

“घर सोडायचं न्हाई,” बाई लगेच म्हणाली. ते तिने पुष्कळ दिवसांपासून ठरवलेले होते. “वावरात मी राबते. थोरलीला पुढल्या साली जळकोटच्या शाळेत घालायचीय. मी माहेरी बसले तर पोरींचं शिक्षन बसतंय. मार तेवढा थांबावा. आन् त्यो मानूस पोरी मोठ्या व्हईपर्यंत जरा लांब ऱ्हावा.”

मग एकेक गोष्ट ठरली. आधारकार्ड, शिधापत्रिका आणि मुलींचे शाळेचे दाखले हळूहळू आशाताईकडे न्यायचे. मनगटाच्या जुन्या दुखापतीचा सरकारी दवाखान्यातला कागद काढून ठेवायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींना घेऊन माहेरी जायचे, म्हणजे कोणाला वेगळे वाटणार नाही. ती माहेरी सुखरूप पोहोचली, की मग मी देवळात बोलायचे. तोवर माझे काम एकच : गप्प राहणे. जपाला बसून मी आयुष्यात पुष्कळ मौन पाळले. त्या सात आठवड्यांइतके अवघड मौन दुसरे पाळले नाही. सकाळी अर्घ्य देताना रोज मनात येई, आज ती कशी असेल.

वैशाखात तिचा निरोप आला : ‘आता सांगा.’

रविवार होता, खंडोबाचा वार. देवळात माणसे होती. मी प्रवचनाला बसलो नाही, उभा राहिलो. सांगितले की मार्गशीर्षात याच मंडपात माझ्या हातून एक चूक झाली. मी एका पुरुषाच्या हाती बेलभंडारा दिला आणि ज्या स्त्रीने मार खाल्ला होता, तिला एकटीला काही विचारले नाही. ती शपथ त्या पुरुषाची होती. ती मोडली तर त्याचे उत्तर देवाला आणि सरकारला त्यानेच द्यायचे आहे. त्याच्या बायकोला, मुलींना किंवा खरे बोलणाऱ्या कोणालाही तिची बाधा नाही. ज्या घरात शपथेच्या भयाने बाईचे तोंड बंद आहे, तिथे ते भय आज मी काढून घेतो. आणि मी हे चुकीचे सांगत असेन तर खंडोबाने जे पाहायचे ते माझ्याकडे पाहावे.

शेवटचे वाक्य मी ठरवून ठेवले नव्हते. पण त्याचाच परिणाम झाला. मंडपात एक म्हातारी रडू लागली. मार्गशीर्षात जी तोंडाविषयी बोलली होती, तीच. तिने किती वर्षांपूर्वी कोणाची शपथ सांभाळली होती, ते मी विचारले नाही.

काका पुढे आला. “महाराज, तुमीच गाठ मारली आन् तुमीच सोडून राहिले. ह्ये त्या परदेशी लोकांनी शिकवलं का तुमाला?”

“त्यांनी विचारले,” मी म्हणालो. “उत्तर आपल्याच शास्त्रात होते. मी उशिरा पाहिले.”

“आता गावात तुमचा शबूद कोन मानंल?”

“जो खरा असेल तो माना. माझा आहे म्हणून मानू नका.”

पुतण्याची आई खांबाशी उभी होती. तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती, आणि त्या नजरेत राग होता की आणखी काही, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढील गोष्टी कायद्याच्या मार्गाने गेल्या. बाईने संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज दिला. विद्यार्थिनी प्रत्येक वेळी बरोबर होती, पण बोलायची ती बाईच. एक अडचण होती. मारताना पाहिले असे सांगणारा साक्षीदार नव्हता. शेजाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. तेव्हा मी होऊन म्हणालो की मी साक्ष देतो.

“तुम्ही पाहिलंत कुठं, सर?”

“पाहिले नाही. ऐकले. मी त्याला विचारले, मारलेस? तो हाव म्हणाला. पन्नास माणसांत.”

विद्यार्थिनीने लगेच वकिलांना फोन लावला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण मुलांना शिकवतो. मीही शिकवले आहे. आषाढात मी ती चढलो. धोतर, उपरणे, कपाळी गंध. पत्नीने निघताना हातावर दही ठेवले आणि म्हणाली, “आता सगळ्यांसमोर बोला. आता तेच योग्य आहे.” दोन गावांनी त्या वर्षीचे माझे प्रवचन रद्द केले होते. त्याचे मला दुःख झाले नाही, असे म्हणणे असत्य होईल. पण ते दुःख मला थांबवू शकेल, एवढे मोठे नव्हते.

पुतण्याच्या वकिलाने मला विचारले, “गुरुजी, तुम्ही धार्मिक माणूस. देवळातलं बोलणं कोर्टात आणणं तुम्हाला योग्य वाटतं?”

“देवळात बोलला म्हणून तो खरे बोलला,” मी म्हणालो. “तेच खरे मी येथे सांगतो आहे.”

“रागाच्या भरात नवरा-बायकोत थोडंफार चालतं, असं तुम्हीच प्रवचनात सांगत असाल.”

“पूर्वी सांगत असे. चुकत होतो.”

न्यायाधीश तरुण होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा लिहू लागल्या.

श्रावणात अंतरिम आदेश झाला. बाईने आणि मुलींनी त्याच घरात राहायचे. नवऱ्याने त्यांना मारायचे नाही, धमकवायचे नाही आणि पुढील आदेशापर्यंत त्या घरात पाऊल टाकायचे नाही. तो शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्याशेजारच्या खोपीत, राहायला गेला. सासू सुनेजवळच राहिली. तो निर्णय सुनेचा होता.

पुढच्या तारखेला न्यायालयाच्या आवारातील लिंबाखाली काकाने मला गाठले. बाई आणि माझी विद्यार्थिनी चार पावलांवर उभ्या होत्या.

“महाराज, झालं गेलं,” तो म्हणाला. आवाजात आता टोमणा नव्हता. “पोरगं आखाड्यावर एकटंच भाकरी थापून राहिलंय. निम्म्या करपतात. तुमी दोन शबूद सांगा, घरी घेऊ द्या त्याला.”

“ती समोर उभी आहे,” मी म्हणालो. “तिला विचारा.”

त्याला अवघड गेले. चुलतसासऱ्याने सुनेशी असे समोरासमोर बोलण्याची त्या घराची रीत नव्हती. तो लिंबाच्या खोडाकडे पाहत म्हणाला, “काय म्हनतीस, बाई?”

तिच्या डोक्यावर पदर होता, पण चेहरा उघडा होता. “थापू द्या, मामा. शिकतील.” विद्यार्थिनीला हसू आवरले नाही, काकाच्याही मिश्या हलल्या. मग बाई गंभीर झाली. “घरी यायचं कवा ते मी ठरवनार. पोरी आता राती झोपून राहिल्यात. त्यांचं भ्या सगळं गेलं, असं मला दिसलं, तर बोलन. न्हाई दिसलं, तर न्हाई. तुमी महाराजांकडं जाऊ नका त्यासाठी. माझ्याकडं या.”

“हाव,” काका म्हणाला.

तिने विद्यार्थिनीला जळकोटच्या बसची वेळ विचारली. पोरी शाळेतून यायच्या आत घरी पोहोचायचे होते. मला तिने लांबूनच हात जोडले आणि ती भरभर फाटकाकडे निघाली. काका जरा घुटमळला, मग तिच्या मागोमाग त्याच बससाठी चालू लागला.